म्हाताऱ्या माणसाला बाजेवर बसवून ठेवू नका: घरच्या घरी उठतं-फिरतं ठेवायची सगळी रीत

मागच्या सप्टेंबरात आमच्या मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, ताप आला. वय ७६. पराटीला बोंडं धरायचे दिवस, घरात सगळ्यांची धावपळ, आणि ते अकरा दिवस बाजेवर. ताप गेला, रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आले, पण बाराव्या दिवशी उठायला गेले तर पायच धरेनात, दोघांनी बगलेत हात घालून संडासपर्यंत न्यावं लागलं. हाच माणूस ऑगस्टपर्यंत पांदणीच्या चिखलातून वावरात जाऊन धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, गवत कापून आणत होता. मी स्वतः गावात आशा म्हणून दहा वर्षं फिरतेय, घरोघरी लोकांना शिकवते, आणि घरी काय केलं तर "मामाजी तुम्ही पडून राहा, ताट इथंच आणते, तांब्या उशाशी ठेवते". म्हणजे ताप डासाने दिला असेल नसेल, पाय मात्र आमच्या मायेनं घालवले.

नंतर शोधाशोध केली तर कळलं की हे आधीच मोजून झालेलं आहे. अमेरिकेत २००७ साली एक छोटा अभ्यास छापून आला, सरासरी ६७ वयाच्या १२ धडधाकट माणसांना दहा दिवस नुसतं अंथरुणात ठेवलं, ना ताप ना काही, खाणंपिणं व्यवस्थित, तरी दहा दिवसात पायातलाच जवळजवळ एक किलो मांसाचा भाग गेला. दहा दिवसात किलो! आमच्या मामाजींना तर वरून ताप होता आणि जेवण अर्ध्या भाकरीवर आलेलं. गावात सगळे म्हणाले "आता वय झालं बाप्पा, होते असं". वय तर ऑगस्टमध्येही तेवढंच होतं ना.

तर आम्ही त्यांना परत कसं उभं केलं, काय चुकलं, कोणत्या सरकारी गोष्टी खरंच कामी आल्या, ते सगळं लिहून ठेवतेय. ज्यांच्या घरी साठीच्या वरचं माणूस आहे त्यांनी आजारी पडायची वाट न पाहता सुरू करावं.

सुरू करायच्या आधी

छातीत दाबल्यासारखं होतं, थोडं चाललं की दम लागतो, उभं राहिलं की डोळ्यापुढं अंधारी येते, अलीकडेच हाड मोडलं किंवा ऑपरेशन झालं, बीपी गोळी घेऊनही चढलेलंच राहते, यातलं काहीही असेल तर आधी डॉक्टर मग व्यायाम. बाकी गुडघे दुखतात, कंबर धरते, शुगर आहे, ही थांबायची कारणं नाहीत, उलट यांच्यासाठीच हे जास्त गरजेचं.

आणि एक प्रश्न विचारा, आम्ही उशिरा विचारला. "तुम्हाला काय करता आलं पाहिजे?" जागतिक आरोग्य संघटनेच्या (डब्ल्यूएचओ) २०१५ च्या वार्धक्याच्या अहवालात हेच मुख्य धरलंय, की चांगलं म्हातारपण म्हणजे रोग नसणं असं नाही, माणसाला ज्या गोष्टीचं मोल वाटतं ती त्याला करता येणं. आम्हाला वाटलं मामाजी म्हणतील पंढरपूर नाहीतर शेगाव. ते म्हणाले, "मले माया पायानं वावरात जाऊन तूर पाहाची हाय." बस, ठरलं. घर ते वावर पाऊण किलोमीटर. पुढचं सगळं त्या पाऊण किलोमीटरसाठी.

पायरी १: आधी मोजा

नुसतं "अशक्तपणा आहे" म्हणून काही कळत नाही. एक खुर्ची आणि मोबाईलचा टायमर एवढ्यावर काम होतं. बाजेवर करू नका, बाज मधून खोल जाते. प्लास्टिकची खुर्ची चालते पण ती मागं सरकते, म्हणून भिंतीला टेकवूनच ठेवा, आमची पहिल्याच दिवशी शेणाने सारवलेल्या ओसरीत सटकली होती आणि माझा जीव घशात आला.

माणसाला खुर्चीवर मध्यावर बसवायचं, पाय जमिनीला सपाट, दोन्ही हात छातीवर आडवे दुमडलेले. ३० सेकंदात पूर्ण उभं राहून परत बसणं किती वेळा होतं ते मोजायचं. हात टेकवून उठले तर शून्य धरतात. मामाजींचा पहिला आकडा शून्यच, ते लय चिडले, "मी काय लेकरू हाय काय!" अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने जो तक्ता दिलाय त्यात पुरुषांना ६० ते ६४ वयात १४, ६५ ते ७४ ला १२, ७५ ते ७९ ला ११, ८० ते ८४ ला १०. बायांना ६० ते ६४ ला १२, ६५ ते ६९ ला ११, सत्तरीत १०, ८० ते ८४ ला ९. यापेक्षा कमी आलं तर पडायचा धोका जास्त. आता हे आकडे खुर्चीवर वाढलेल्या लोकांचे आहेत, आपण भुईवर बसणारे, म्हणून मी तर म्हणते स्वतःची तुलना स्वतःशी करा, या महिन्याचा आकडा मागच्या महिन्याशी.

दुसरं, खुर्चीपासून ३ मीटरवर खडूने रेघ मारा, टेपने मोजून, अंदाजे नाही. खुर्चीतून उठायचं, नेहमीच्या चालीने रेघेपर्यंत जायचं, वळून परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर काळजी घ्यायची वेळ. वळताना बघा, जे वळताना चार-पाच छोटी पावलं टाकतात किंवा भिंत शोधतात ते पडणारे असतात, हे मी आता गावात घरात शिरल्या शिरल्या ओळखते.

तिसरं, एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना लावून सरळ रेषेत उभं राहणं. १० सेकंद जमलं पाहिजे. बाजूला कुणीतरी उभंच राहायचं, हात धरायचा नाही पण धरता येईल असं.

तिन्ही आकडे तारखेसकट कॅलेंडरवर लिहा. आमचं कॅलेंडर दाराच्या मागं आहे, त्यावर आधी गॅस सिलिंडर आणि म्हशीची तारीख असायची, आता मामाजींचे आकडे पण.

पायरी २: पायात ताकद, आणि इथंच जास्त वेळ घाला

बहुतेक घरी सांगतात "रोज थोडं फिरत जा". फिरणं चांगलंच, पण ज्याला उठताच येत नाही तो फिरेल कसा. ताकद वेगळी कमवावी लागते. आणि ती कोणत्याही वयात येते. १९९० साली बोस्टनच्या एका वृद्धसंस्थेतल्या नव्वदीच्या दहा लोकांना आठ आठवडे पायाला वजन देऊन व्यायाम करवला, एकाने मधेच सोडलं, बाकी नऊ जणांच्या पायाची ताकद सरासरी १७४ टक्के वाढली, म्हणजे होती त्याच्या पावणेतीन पट. नव्वदीत. आपल्याकडे साठीतच लोक म्हणतात आता काय करायचं.

व्यायाम हा आपल्या भागाला नवा नाही, अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचं आहे, गावोगाव आखाडे होते, फक्त तो तरण्या पोरांचा समजला गेला एवढंच.

आम्ही असं केलं. पहिला आठवडा खुर्चीवर दोन गोधड्या घडी करून ठेवल्या, म्हणजे बसायची जागा उंच झाली. हात टेकवायला परवानगी. पाच वेळा उठबस, दिवसातून तीनदा, चहाच्या आधी सकाळी, दुपारी जेवणाआधी, आणि संध्याकाळी. चहा उठबस झाल्यावरच द्यायचा हे सासूबाईंनी ठरवलं, माझी हिंमत नव्हती. दुसऱ्या आठवड्यात एक गोधडी काढली. तिसऱ्यात दुसरी. मग हात टेकवणं बंद, हात गुडघ्यावर. मग हात छातीवर. नंतर बसताना धपकन बसायचं नाही, मनात चार मोजत हळूहळू खाली यायचं, खरी ताकद त्या खाली येण्यात लागते, करून पहा, आपल्याला पण मांडीत जाळ होतो. हे दहादा सहज जमायला लागलं की किलोभर तुरीच्या डाळीची पिशवी छातीशी धरून.

सोबत आणखी तीन गोष्टी. दाराची चौकट धरून टाचा उचलणं, दहा वेळा. चौकट धरूनच एक पाय बाजूला उचलणं, दोन्हीकडं दहा दहा. आणि ओट्याच्या पायरीवर चढ-उतर, बाजूला धरायला काहीतरी असेल तरच. श्वास रोखायचा नाही, मोठ्याने आकडे मोजायला लावा म्हणजे आपोआप श्वास चालतो. मांडी दुखणं दुसऱ्या दिवशी चालेल. गुडघ्याच्या आत सुईसारखं टोचलं, सूज आली, तर खुर्ची परत उंच करा आणि आकडा कमी करा, बंद करू नका.

किती दिवस? डब्ल्यूएचओच्या २०२० च्या शिफारशीत ६५ च्या वरच्यांना ताकदीचा व्यायाम आठवड्यात किमान २ दिवस, आणि बॅलन्स-ताकद मिळून असलेला ३ दिवस किंवा जास्त सांगितलाय. मामाजींची गाडी फारच रुतली होती म्हणून आम्ही रोज थोडं थोडं केलं.

"आम्ही तर वावरात राबतो, आम्हाले कायले व्यायाम"

हे मला प्रत्येक घरात ऐकायला मिळते आणि अर्धं खरं आहे. शेतातली मेहनत हालचालीत धरतातच, डब्ल्यूएचओ पण धरते. पण कापूस वेचणीचं काम बघा, दिवसभर कमरेत वाकून, पाठीवर ओटीचं ओझं, मान खाली, आणि हात चालतात. पाठ कामातून जाते, मांडीला मात्र जोर लागत नाही, बॅलन्स तर नाहीच. गडचिरोलीच्या सर्च संस्थेने कंबर-पाठ-सांध्यांचं दुखणं हा गावखेड्यातला मोठा आरोग्य प्रश्न म्हणून अभ्यासलाय, उगाच नाही. शिवाय आपलं काम हंगामी. जून ते डिसेंबर हाडं मोडेपर्यंत, मग तूर निघाली की जानेवारी ते मे खाट, टीव्ही आणि पारावर गप्पा. शरीराला असं चालत नाही. आणि पोराच्या हाती कारभार गेला, नाहीतर वावर ठेक्यानं दिलं, की तिथून म्हातारा दोन वर्षात बसतो, हे मी आमच्या एकाच गल्लीत तीन घरी पाहिलंय.

पायरी ३: चालणं

आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम मेहनत, ही डब्ल्यूएचओची शिफारस. मध्यम म्हणजे बोलता येतं पण अभंग ओढता येत नाही एवढा दम. रोज २०-२५ मिनिटं धरा. एकदम जमत नसेल तर पाच-पाच मिनिटं चार वेळा. आम्ही अंगणातल्या तुळशीला फेऱ्यांपासून सुरू केलं, मग शेजारच्या दारापर्यंत, मग मारुतीच्या पारापर्यंत.

अमेरिकेतच ७० ते ८९ वयाच्या, बसून बसून राहिलेल्या १,६३५ लोकांवर मोठा अभ्यास झाला, २०१४ ला निकाल आला. अर्ध्यांना चालणं आणि थोडी ताकद-बॅलन्स, अर्ध्यांना नुसती आरोग्याची माहिती. सरासरी अडीच वर्षांच्या वर पाहिलं. ४०० मीटर चालायची क्षमता गमावणारे माहितीवाल्या गटात ३५.५ टक्के, चालणाऱ्या गटात ३०.१ टक्के. जादू नाही, शंभरात पाच माणसं. पण आमच्या गावात साठीच्या वर दोनशे तरी माणसं असतील, त्यातली दहा जण आपल्या पायानं चावडीवर येत राहिली तर मला ते थोडं वाटत नाही. आणि माहिती दिलेला गट मागं राहिला हे आम्हा आशांनी नीट लक्षात ठेवावं, आम्ही पत्रकंच वाटत फिरतो.

दहा हजार पावलांचं खूळ डोक्यातून काढा. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये निघालेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आलाय. सरासरी ७२ वयाच्या १६,७४१ बायांचा अभ्यास २०१९ ला आला, त्यात दिवसाला साधारण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४१ टक्के कमी दिसलं, आणि ७,५०० च्या पुढे वाढीव फायदा दिसला नाही. आता जास्त चालणाऱ्या बाया मुळातच धडधाकट असतील हेही आहे, पण म्हाताऱ्या माणसाला दहा हजार सांगून घाबरवण्यापेक्षा चार हजार सांगा. याहून जुना आणि मला आवडलेला अभ्यास लंडनचा, १९५३ चा, डबल डेकर बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना, दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयरोग कमी. आपल्या एसटीत वरचा मजला नाही, नाहीतर इथंही दिसलं असतं.

काठीची लाज सोडायला लावा. आणि काठी दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात धरतात, शंभरातले नव्वद जण दुखऱ्या बाजूलाच धरतात. उंची किती तर सरळ उभं राहून हात खाली सोडला की मनगटाची घडी जिथं येते तेवढी. खाली रबर पाहिजेच, घासलं की बदला. बाभळीची सरळ काठी असेल तर तिलाही रबर बसते.

पायरी ४: पडू नये म्हणून

न्यूझीलंडमध्ये ओटागो नावाचा कार्यक्रम आहे, माणसाच्या घरी जाऊन पायाची ताकद, बॅलन्स आणि चालणं शिकवायचं, पडणं साधारण ३५ टक्क्यांनी कमी झालं. वेगवेगळे अभ्यास एकत्र करून २०१९ ला पाहिलं तेव्हा व्यायामाने पडण्याचं प्रमाण २३ टक्के कमी येते असं निघालं. यातलं काहीच दवाखान्यात नाही, सगळं घरात. टाच-बोट जोडून चालणं भिंतीच्या कडेनं दहा पावलं, चौकट धरून एका पायावर उभं राहणं, धरायचं आधी दोन हातांनी, मग एका, मग एका बोटानं. रोज दात घासताना केलं तरी होते.

घर पण बघा. आमच्या गावात म्हातारी माणसं जी पडली ती जास्तकरून न्हाणीत नाहीतर रात्री लघवीला उठताना. न्हाणीतलं शेवाळ आठवड्याला घासून काढा, फरशी गुळगुळीत असेल तर खरबरीत रबरी मॅट. संडासात भिंतीला पाईपचा दांडा ठोकून घ्या, आमच्या घरी वेल्डिंगवाल्याकडून उरलेल्या जीआय पाईपचा करून घेतला, बसताना उठताना धरायला. बसून संडास होत नसेल तर खालून भोक असलेली खुर्ची मिळते. बाजेपासून संडासपर्यंतच्या वाटेवर रात्रभर एक झिरो बल्ब, आणि लाईट गेली तर उशाशी बॅटरी, आपल्याकडं लाईट जाणार हे धरूनच चाला. उंबरठ्याला पांढरा पट्टा. ढोराचा दोर, पाईप, पोत्याचं तोंड, काहीही वाटेत नको. झिजलेली स्लिपर फेका, मागून पट्टा असलेली चप्पल घ्या.

बाजेवरून उठताना आधी दोन मिनिटं पाय खाली सोडून बसायचं, मग उभं राहायचं, बीपीची गोळी चालू असणाऱ्यांनी तर नक्की. झोपेची गोळी घेत असतील तर डॉक्टरला विचारा, पडण्यामागं ती लय वेळा असते. आणि डोळे. मोतीबिंदूचं ऑपरेशन सरकारी दवाखान्यात फुकट होते, तरी "पिकू दे अजून" म्हणून वर्षं घालवतात.

पडलेच तर ओढून लगेच उभं करू नका. कमरेत किंवा मांडीत दुखते, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसतो, तर हलवू नका, १०८ लावा. मालिश करणाऱ्याकडं नेऊन आठ दिवस घालवलेलं खुब्याचं हाड मी पाहिलंय, नको ते.

पायरी ५: ताट

व्यायाम करून वरून प्रोटीन नसेल तर भिंत बांधताना सिमेंटच विसरल्यासारखं. आपल्या आयसीएमआरच्या, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२० च्या आकड्यांप्रमाणे मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोला ०.८३ ग्रॅम. म्हाताऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या एका गटाने २०१३ ला १ ते १.२ ग्रॅम सुचवलं. मामाजींचं वजन ५० किलो, म्हणजे दिवसाला ५० ते ६० ग्रॅम. किडनीचा आजार असेल तर हे आकडे लावू नका, डॉक्टरला विचारा.

आम्ही मोजलं तर ते २५-३० च्या आसपास. दोन भाकरी, पातळ वरण, अंबाडीची भाजी, चहा. वरण इतकं पातळ की ताटात सूर्य दिसावा. मग हिशेब बसवला. मूठभर कच्ची डाळ, म्हणजे ३० ग्रॅम, यात साधारण साडेसहा ग्रॅम. अंड्यात ६. पेलाभर दुधात ६. मूठभर शेंगदाणे किंवा फुटाण्यात ६-७. ज्वारीच्या मध्यम भाकरीत ५-६. माळकरी असल्याने अंडं नाही, म्हणून घट्ट वरण दोन्ही वेळ, सकाळी दूध, चारला फुटाण्याचं पीठ गुळात, रात्री दही.

आणि आपला विदर्भ सोयाबीनने भरलेला, दाण्यात ३५ टक्क्यांच्या वर प्रोटीन, आणि सगळं पोत्यात भरून मार्केटला. घरात कुणी खात नाही! कच्चं खायचं नसतं, नीट भाजून किंवा शिजवूनच, मी भाजून दळून कणकेत नऊला एक टाकते, कुणाला कळत पण नाही. जवसाची चटणी चालू द्या. दात नसतील तर भाकर वरणात कुस्करून, दाणे कुटून. दात गेले म्हणून चहा-बिस्किटावर आलेली माणसं झपाट्याने वाळतात. शुगरची गोळी घेऊन एकादशी करणाऱ्यांनी आधी डॉक्टरला विचारायचं, शुगर एकदम उतरून पडलेली बाई मी स्वतः उचललीय.

पायरी ६: उन्हाळा

एप्रिल-मे-जूनमध्ये आपल्याकडं पारा ४५ च्या वर जातो, नवतप्यात तर दुपारी कुत्रं बाहेर निघत नाही. वयानुसार तहानच कमी लागते, म्हणून तहान लागल्यावर पाणी हा नियम म्हाताऱ्यांना चालत नाही, तासातासाला अर्धा पेला, ताक, पन्हं, आंबील. हृदय किंवा किडनीचा त्रास असेल, लघवी वाढवायची गोळी चालू असेल, तर पाणी किती ते विचारून घ्या. चालणं पहाटे, सहाला सुरू सातला घरी. दुपारी टिनाच्या खोलीत झोपवू नका. माणूस बरळतो, अंग तापलंय, तर कांदा हुंगवत बसू नका, सावलीत नेऊन अंगावर पाणी, हवा, आणि १०८.

पायरी ७: खर्रा, बीपी, कान

खर्रा. म्हाताऱ्याला "आता या वयात कशाला सोडतो" म्हणतात आणि नातवाच्या हाती पुडी आणवतात. तंबाखू आणि सुपारी दोन्ही कॅन्सरच्या, तोंड उघडेनासं झालं की खाणंही बंद. बीपी-शुगर महिन्याला उपकेंद्रात. गुडघ्यासाठी दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी वर्षानुवर्षं रोज खाऊ नका, किडनी जाऊ शकते. ऐकू कमी येते तो माणूस हळूहळू चारचौघात बसणं सोडतो, मग म्हणतात डोकं काम करत नाही. कान तपासा. भजनी मंडळ, काकड आरती, पार, हे सुटू देऊ नका.

पायरी ८: सरकारकडं काय आहे आणि ते कसं काढायचं

धोरणाची कमी नाही. २००२ साली माद्रिदच्या जागतिक परिषदेच्या वेळी डब्ल्यूएचओने सक्रिय वार्धक्याची चौकट मांडली. २०२१ ते २०३० हे दशक संयुक्त राष्ट्रांनी निरोगी वार्धक्याचं म्हणून धरलंय. आपल्याकडं ज्येष्ठांचं राष्ट्रीय धोरण १९९९ चं, आई-वडिलांच्या सांभाळाचा कायदा २००७ चा, वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ चा. मुंबईच्या आयआयपीएस या लोकसंख्या अभ्यास संस्थेने २०१७-१८ मध्ये ४५ च्या वरच्या ७२ हजारांहून जास्त लोकांचं देशभर सर्वेक्षण पण केलं, त्याला लासी म्हणतात. कागद भरपूर. गावात पोचते ते एवढं:

आशाकडं सीबॅक नावाचा घरोघरी आरोग्य तपासणीचा फॉर्म असतो. त्यात साठीच्या वरच्यांसाठी वेगळे प्रश्न आहेत, उभं राहताना चालताना तोल जातो का, रोजच्या कामाला दुसऱ्याची मदत लागते का, नावं विसरता का. खरं सांगते, घाईत आम्ही तिथं सरसकट "नाही" लिहितो. मी पण लिहिलंय. तुम्ही समोर बसून विचारा, "माया बाबाचा तो भाग नीट भर". "हो" आलं तर उपकेंद्रातल्या सीएचओकडं, म्हणजे तिथल्या आरोग्य अधिकाऱ्याकडं, पाठवायचं असतं. वृद्धांच्या कार्यक्रमाच्या नियमात पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) आठवड्यातून एक दिवस वृद्धांसाठी क्लिनिक आहे. आमच्या पट्ट्यातल्या एका ठिकाणी मी वार विचारला तर काउंटरवरच्यालाच माहीत नव्हता. डॉक्टरला भेटून विचारा, पाच-सहा म्हातारे सोबत न्या म्हणजे वार आपोआप ठरतो.

सत्तरच्या वरच्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड, उत्पन्नाची अट नाही, आधार पुरते, वर्षाला ५ लाखापर्यंत. पण भरती झाल्यावरच, ओपीडीच्या गोळ्यांना नाही, आणि दवाखाना यादीतला पाहिजे, जायच्या आधी फोन करून विचारा.

मुख्यमंत्री वयोश्री, ६५ च्या वर, कुटुंबाचं उत्पन्न २ लाखाच्या आत, एकदाच ३,००० रुपये खात्यात, काठी, चष्मा, कानाचं यंत्र, गुडघ्याचा पट्टा, संडासची खुर्ची असल्या वस्तूंसाठी. पैसे आले की आधी खतात जातात, तेवढं बघा. श्रावणबाळचे महिन्याला १,५०० साठी तहसीलमध्ये अर्ज. एसटीत ७५ च्या वर २६ ऑगस्ट २०२२ पासून फुकट, ६५ ते ७५ अर्धं तिकीट, बायांना तर मार्च २०२३ पासून कोणत्याही वयात अर्धं. तालुक्याच्या दवाखान्यात जायला हेच जास्त कामी येते. अडचण, छळ, काहीही असेल तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाईन.

एक घोळ सगळ्यांचा होतो. आधारवर जन्मतारीख १ जानेवारी आणि साल अंदाजे. मामाजींचं वय मोठ्या भावापेक्षा दोन वर्षं जास्त लिहिलेलं निघालं! शाळेचा दाखला मिळतो का ते आधीच शोधा. आणि बोटं. चाळीस वर्षं विळा धरलेल्या बोटाचा ठसा मशीनवर येत नाही, एका सेंटरवर आम्हाला तीन चकरा मारायला लावल्या, चौथ्यांदा दुसऱ्या ठिकाणी डोळ्याच्या स्कॅनवर दहा मिनिटात काम झालं. जायच्या आधी आधारला चालू मोबाईल नंबर जोडून घ्या, ओटीपीवर बरंच निघून जाते.

आमचा आकडा

पहिला आठवडा शून्य. तिसऱ्या आठवड्यात हात न टेकवता ४. दिवाळीत पाहुण्यांच्या गर्दीत आठ दिवस बुडाले, ४ चे ३ झाले. डिसेंबरच्या शेवटी ९. रेघेपर्यंत जाऊन यायला २१ सेकंदांचे १३ झाले. तुरीला शेंगा भरल्या तेव्हा एक दिवस सकाळी सातला काठी घेऊन निघाले, मी मागून शंभर पावलांवर, त्यांना दिसणार नाही अशी. मधे दोनदा थांबले, एकदा कुणाच्या तरी धुऱ्यावर टेकले आणि उठताना हात जमिनीला लावला नाही, हे मी नीट पाहिलं. वावरात पोचून तुरीचं एक झाड वाकवून शेंगा मोजल्या आणि पहिलं काय बोलले तर, "फवारणी उशिरा केली तुमी." कॅलेंडरवर अजून ९ च आहे. त्यांच्या वयाला ११ पाहिजे, फेब्रुवारीत परत मोजायचंय.